शालेय सहलीचे अंदाजपत्रक : पूर्ण खर्चाचा अंदाज कसा बांधावा

सहल हा शालेय शिक्षणाचा एक आवश्यक भाग होय, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. पुस्तकात वाचलेला किल्ला आणि स्वतःच्या पायांनी चढलेला किल्ला यांत केवढे अंतर आहे, हे कोणत्याही शिक्षकास वेगळे सांगावयास नको. तथापि सहल कोठे न्यावी, तेथे काय दाखवावे आणि मुलांकडून कोणती टिपणे करवून घ्यावीत, यांविषयी जितका विचार होतो तितका तिच्या खर्चाविषयी होत नाही. बहुधा असे घडते की, थंडीचे दिवस आले म्हणजे मधल्या सुटीत सहलीचा विषय निघतो. शेजारच्या शाळेने गतवर्षी किती वर्गणी घेतली याची चौकशी होते. तोच आकडा थोडाफार कमीअधिक करून फळ्यावर लिहिला जातो आणि पैसे गोळा होऊ लागतात. हा अंदाज नव्हे. ही अटकळ होय.

अटकळ चुकली म्हणजे तिचे परिणाम दोन प्रकारे भोगावे लागतात. आकडा कमी पडला तर परतीच्या वाटेवर पैसे संपतात आणि उरलेला खर्च शिक्षकास पदरमोड करून भागवावा लागतो. आकडा जास्त ठरला तर ज्यांच्या घरी रोख पैसा नाही अशा मुलांची नावे यादीतून हळूहळू गळू लागतात. सहलीच्या दिवशी ही मुले शाळेत येत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सहलीच्या गप्पा चालल्या असता खाली मान घालून बसतात. पहिल्या चुकीचे मोल रुपयांत मोजता येते. दुसरीचे मोल मोजण्यास कोणतेच माप नाही. म्हणून खर्चाचा अंदाज बांधणे हे केवळ कारकुनी काम न समजता ते शिक्षकाचे एक महत्त्वाचे कर्तव्य समजले पाहिजे. प्रस्तुत लेखात आपल्या जिल्ह्यातील शाळांच्या दृष्टीने या कामाची रीत सांगण्याचा विचार आहे.

१. पूर्ण खर्च म्हणजे काय?

गाडीभाडे आणि खाणे या दोन गोष्टी मिळून सहलीचा खर्च होतो, असा सामान्य समज आहे. पूर्ण खर्चाची व्याख्या याहून व्यापक आहे. घराच्या उंबऱ्यापासून निघून पुन्हा त्याच उंबऱ्यात पाऊल टाकीपर्यंत जो जो पैसा कोणाच्याही खिशातून जातो, तो सर्व पूर्ण खर्चात धरावयाचा. त्याचे पाच भाग पाडणे सोयीचे होते.

पहिला भाग प्रवासाचा. यात गाडीभाड्याबरोबर पथकर, गाडी उभी करण्याचे शुल्क आणि गाडी थांबवून ठेवल्याबद्दल पडणारा खोळंबा आकार येतो. दुसरा भाग प्रवेशशुल्काचा व स्थानिक वाहतुकीचा. तिसरा भाग खाण्यापिण्याचा. यात शिक्षकांचे व गाडीवरील माणसांचे जेवण विसरू नये. चौथा भाग तयारीचा : जागेची पूर्वपाहणी, प्रथमोपचाराची पेटी, टिपणवह्या, पत्रव्यवहार. पाचवा भाग पालकांच्या घरातील खर्चाचा. हा शाळेच्या हिशेबात कधीच दिसत नाही, परंतु घरच्या माणसास तो पुरेपूर जाणवतो. नवे कपडे, नवी चप्पल, पाठीवरची पिशवी, हातात द्यावयाचा खाऊचा पैसा, रात्री उशिरा मुलास न्यावयास येण्यासाठी बुडालेली मजुरी, हे सर्व या भागात पडते. वर्गणी दोनशे रुपये आणि घरातील खर्च तीनशे रुपये, असा प्रकार झाला तर शाळेने सहल स्वस्त केली असे म्हणता येणार नाही.

या पाचव्या भागावर शिक्षकास एका वाक्याने नियंत्रण ठेवता येते. ‘सहलीस सर्वांनी शाळेच्या गणवेशातच यावे, नवीन काहीही विकत घेऊ नये व खाऊचे पैसे कोणीही आणू नयेत’ अशी सूचना पालकसभेत स्पष्टपणे द्यावी आणि ती स्वतःही पाळावी.

२. माहिती कशी मिळवावी?

अंदाजाची विश्वसनीयता ही दरांच्या विश्वसनीयतेवर अवलंबून असते. ऐकीव दर घेऊ नयेत. राज्य परिवहन महामंडळाची गाडी ‘प्रासंगिक करारा’वर घ्यावयाची असल्यास जालना, अंबड, परतूर किंवा जाफराबाद यांपैकी जवळच्या आगारात जाऊन आगारप्रमुखास चार प्रश्न विचारावेत : दर किलोमीटरला आज दर काय आहे? शालेय सहलीस किती सवलत मिळते व त्यासाठी कोणते कागद लागतात? किलोमीटरची मोजणी कोठून कोठपर्यंत होते? खोळंबा आकार केव्हापासून सुरू होतो? उत्तरे वहीत तारखेसह लिहून ठेवावीत आणि शक्य तर लेखी घ्यावीत.

तिसऱ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. गाडी आपल्या गावी उभी नसते. ती आगारातून रिकामी येते व रिकामीच परत जाते. हे रिकामे किलोमीटर आकारणीत धरले जात असतील तर आडगावच्या शाळेस त्याचा भार शहरातील शाळेपेक्षा अधिक पडतो. अंदाज कमी पडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

प्रेक्षणीय स्थळांविषयीही काही गोष्टी आधी माहीत असल्या पाहिजेत. वेरूळची लेणी मंगळवारी व अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. वार न पाहता निघालेल्या सहलीचा सर्वच खर्च वाया जातो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या ताब्यातील स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क पडत नाही. म्हणून जन्मतारखांसह विद्यार्थ्यांची यादी मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने जवळ ठेवावी. अजिंठ्यास आपली गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही. ती फर्दापूरच्या फाट्यावर उभी करून पुढील सुमारे ४ किलोमीटर अंतर दुसऱ्या गाडीने जावे लागते व तिचे भाडे निराळे पडते. चाळीस मुलांच्या सहलीस हा जाण्यायेण्याचा खर्च किरकोळ नसतो. असे बारकावे पुस्तकात सापडत नाहीत, म्हणून एका शिक्षकाने आधी जाऊन जागा पाहून येणे अगत्याचे आहे. या पूर्वपाहणीचा खर्च अंदाजपत्रकात उघडपणे दाखवावा. तो शिक्षकाच्या माथी मारू नये.

३. एक नमुना

समजा, जालन्यापासून १५ किलोमीटरवर असलेल्या एका खेड्यातील उच्च प्राथमिक शाळेची ४० मुले व ४ शिक्षक यांची एका दिवसाची सहल दौलताबाद व वेरूळ येथे न्यावयाची आहे. पुढे दिलेले दर केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून धरले आहेत. प्रत्यक्ष दर ज्या त्या वेळी विचारून घ्यावेत.

प्रथम अंतर काढू. जालना ते छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) सुमारे ६० किलोमीटर, तेथून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर आणि दौलताबाद याच वाटेवर. म्हणजे गावापासून वेरूळपर्यंत १५ + ६० + ३० = १०५ किलोमीटर झाले. जाऊन येऊन २१०. गाडी आगारातून गावापर्यंत येण्याचे १५ व परत जाण्याचे १५ मिळून ३०. वाटेवरील वळणांसाठी १०. एकूण २५० किलोमीटर.

आता खर्चाच्या बाबी मांडू.

(१) गाडीभाडे : २५० किलोमीटर, दर ४० रुपये — १०,००० रुपये
(२) पथकर व गाडी उभी करण्याचे शुल्क — ६०० रुपये
(३) प्रवेशशुल्क : मुलांना नाही, ४ शिक्षक, दोन्ही ठिकाणचे मिळून प्रत्येकी ६५ रुपये — २६० रुपये
(४) सकाळचा उपाहार : ४० मुले, ४ शिक्षक व गाडीवरील २ माणसे मिळून ४६, प्रत्येकी १५ रुपये — ६९० रुपये
(५) दुपारचे भोजन : घरची शिदोरी — खर्च नाही
(६) सायंकाळचे भोजन : ४६ माणसे, प्रत्येकी ६० रुपये — २,७६० रुपये
(७) पिण्याचे पाणी — १६० रुपये
(८) प्रथमोपचाराची पेटी — ३५० रुपये
(९) पूर्वपाहणी — ५०० रुपये
(१०) टिपणवह्या : ४०, प्रत्येकी ५ रुपये — २०० रुपये

एकूण १५,५२० रुपये.

या रकमेवर शेकडा १० प्रमाणे राखीव रक्कम धरावी. ती १,५५२ रुपये होते. सर्व मिळून १७,०७२ रुपये. त्यास ४० ने भागले असता दर विद्यार्थ्यामागे ४२६ रुपये ८० पैसे येतात. सोयीसाठी वर्गणी ४३० रुपये ठरवावी.

हाच हिशेब अटकळीने केला असता तर काय झाले असते? जाण्यायेण्याचे २१० किलोमीटर धरून गाडीभाडे ८,४०० रुपये, म्हणजे दर मुलामागे २१० रुपये; त्यात उपाहाराचे १५ मिळवून वर्गणी २२५ रुपये ठरली असती. खरा खर्च याच्या दुपटीजवळ आहे. मधल्या फरकात कोणतीही चैन नाही. रिकामी गाडी, पथकर, सायंकाळचे जेवण, शिक्षकांचे प्रवेशशुल्क अशा लहानमोठ्या, पण टाळता न येणाऱ्या बाबींनीच तो भरलेला आहे.

राखीव रकमेविषयी दोन शब्द. एखादे मूल आजारी पडणे, गाडी बिघडणे, अचानक दर वाढणे या गोष्टी सांगून येत नाहीत. राखीव रक्कम यांसाठीच असते. ती शिल्लक राहिली तर मुलांना आईस्क्रीम देण्यासाठी नसते. ती पालकांची असून त्यांना परत जावयाची असते. त्याचप्रमाणे काटकसर करावयाची ती खाण्यात वा दिखाव्यात करावी. देखरेखीत करू नये. इ.स. २०१६ च्या १ फेब्रुवारीस मुरूडच्या समुद्रकिनारी सहलीस गेलेले पुण्याच्या एका महाविद्यालयातील चौदा विद्यार्थी बुडून मरण पावले. ते तर वयाने मोठे होते. आपली मुले लहान आहेत. एक शिक्षक कमी नेऊन वाचविलेले शंभर-दीडशे रुपये ही बचत नव्हे.

४. स्थिर खर्च व बदलता खर्च

वरील अंदाजपत्रक पुन्हा एकदा निराळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. त्यातील काही बाबी मुलांच्या संख्येनुसार वाढतात वा घटतात, तर काही बाबी मुले किती आली याकडे पाहत नाहीत. गाडी चाळीस मुले घेऊन गेली काय आणि तीस घेऊन गेली काय, भाडे तितकेच.

आपल्या नमुन्यात मुलांचा उपाहार व भोजन मिळून प्रत्येकी ७५ रुपये आणि टिपणवहीचे ५ रुपये, असे ८० रुपये दर मुलामागे पडतात. चाळीस मुलांचे ३,२०० रुपये. हा बदलता खर्च होय. उरलेले १२,३२० रुपये हा स्थिर खर्च होय. त्यात गाडी, पथकर, शिक्षकांचे प्रवेशशुल्क, पाणी, औषधे, पूर्वपाहणी आणि शिक्षक व गाडीवरील माणसे मिळून सहा जणांचे खाणे येते.

या भेदाचे महत्त्व दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण. वर्गणी ४० मुले धरून ४३० रुपये ठरली. गाडी ठरविण्यात आली. आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात ८ मुलांनी नावे मागे घेतली. जमा झाली ती ३२ मुलांची १३,७६० रुपये. खर्च मात्र १२,३२० अधिक ३२ मुलांचे २,५६० असा १४,८८० रुपये होणार. राखीव रकमेस हात न लावताच, नव्हे, राखीव रक्कम मुळी जमाच न होता, १,१२० रुपयांची तूट आली. यावरून असा नियम निघतो की, वर्गणीचा आकडा जाहीर करण्यापूर्वी मुलांची संख्या निश्चित झाली पाहिजे, आणि संख्या निश्चित करताना कोण कोणत्या अडचणीमुळे येऊ शकणार नाही याची चौकशी घरोघर झाली पाहिजे.

दुसरे उदाहरण अधिक विचार करण्यासारखे आहे. चाळीसपैकी ६ मुलांचे पालक वर्गणी देऊ शकत नाहीत असे समजा. सर्वसाधारण मनुष्य म्हणेल की, या सहा मुलांना नेण्यास सहा गुणिले ४३०, म्हणजे अडीच हजारांवर रुपये लागतील. एवढे कोठून आणावयाचे? हा हिशेब चुकीचा आहे. ती मुले घरी राहिली तरी गाडीभाड्यातील एक पैसाही कमी होत नाही. त्यांच्या जागा रिकाम्या जातात इतकेच. ती घरी राहिल्याने वाचतात ते सहा गुणिले ८०, म्हणजे ४८० रुपये. राखीव धरून ५२८ रुपये.

हेच वर्गणीच्या रूपाने पाहू. सहा मुलांना वगळून ३४ मुलांची सहल काढली तर एकूण खर्च राखीव रकमेसह १६,५४४ रुपये होतो व दर मुलास ४८६ रुपये ५९ पैसे पडतात. तीच सहा मुले विनामूल्य बरोबर नेली आणि सर्व खर्च ३४ जणांनी वाटून घेतला तर प्रत्येकास ५०२ रुपये १२ पैसे पडतात. फरक साडेपंधरा रुपयांचा. चौतीस घरांनी प्रत्येकी साडेपंधरा रुपये अधिक दिले म्हणजे सहा मुले वेरूळचे कैलास लेणे पाहतात. अर्थात, हा भार पालकांवरच टाकावा असे नाही. शाळा व्यवस्थापन समिती, ग्रामपंचायत, गावातील सुस्थितीतील मंडळी यांच्याकडे ही मागणी नेता येईल. परंतु ‘गरीब मुलांना नेणे परवडत नाही’ हे वाक्य हिशेबाच्या कसोटीवर टिकत नाही, एवढे शिक्षकाने मनाशी पक्के धरले पाहिजे. मात्र ज्यांना सवलत दिली त्यांची नावे मुख्याध्यापकांच्या वहीबाहेर जाऊ नयेत. फळ्यावर किंवा वर्गात ती वाचून दाखविणे म्हणजे दिलेले दान परत घेण्यासारखे आहे.

५. पैसा केव्हा व कसा जमवावा?

खर्चाचा अंदाज बरोबर असला तरी पैसा मागण्याची वेळ चुकली तर सहल अडते. शेतकऱ्याच्या घरात रोख पैसा बाराही महिने सारखा नसतो. कापूस व सोयाबीन विकल्यानंतर हात थोडा मोकळा होतो; पेरणीच्या दिवसांत तो अगदी आवळलेला असतो. शिवाय आपल्या जिल्ह्यातील काही गावांतून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी बाहेरगावी जातात. अशा गावी डिसेंबर-जानेवारीत सहल काढणे म्हणजे त्या कुटुंबांतील मुलांना आधीच वगळणे होय. तेथे सहल पाऊस ओसरल्यावर, दिवाळीपूर्वी काढावी.

वर्गणी एकरकमी मागू नये. आठवड्यास ३० रुपये याप्रमाणे पंधरा आठवड्यांत ४५० रुपये होतात. म्हणजे ४३० रुपयांची वर्गणी जुलैपासून सुरुवात केल्यास दिवाळीपूर्वी सहज पुरी होते. प्रत्येक वेळी मुलाच्या वहीत सही करून पोच द्यावी. जमलेला पैसा कोणाही एका शिक्षकाच्या घरी न राहता शाळेच्या नावे राहावा. सहल ऐच्छिक आहे हे पालकांस स्पष्ट सांगावे, त्यांची लेखी संमती घ्यावी आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव व शिक्षण विभागाची परवानगी हाती आल्याखेरीज गाडीस आगाऊ रक्कम देऊ नये.

आणखी एक पथ्य सांगितले पाहिजे. हाती न आलेले पैसे जमेच्या बाजूस लिहू नयेत. ‘अमुक गृहस्थ पाचशे रुपये देणार आहेत’ ही बातमी आहे, जमा नव्हे. वरसईचे विष्णुभट गोडसे इ.स. १८५७ मध्ये घरचे कर्ज फिटावे म्हणून, यज्ञप्रसंगी मिळणाऱ्या दक्षिणेच्या भरवशावर उत्तर हिंदुस्थानात गेले. उठावाच्या धामधुमीत त्यांना वारंवार लुटले गेले आणि मिळालेले द्रव्य हाती राहिले नाही. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’ या त्यांच्या पुस्तकाने मराठी वाङ्मय संपन्न झाले, ही गोष्ट निराळी. शाळेच्या सहलीने मात्र अपेक्षित दक्षिणेच्या भरवशावर निघू नये.

६. खर्च आवाक्याबाहेर गेल्यास

अंदाजपत्रक तयार झाल्यावर वर्गणी गावाच्या ऐपतीबाहेर जात आहे असे दिसले तर अंदाजातील आकडे खोटे लहान करू नयेत. सहल लहान करावी. आपल्या जिल्ह्यात पाहण्याजोगे पुष्कळ आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. या नगराचे नाव सांची व भारहूत येथील स्तूपांवरील लेखांत येते आणि तेथील उत्खननात सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी साम्य आहे. जालना शहराच्या शेजारी खरपुडी येथे कृषि विज्ञान केंद्र आहे. शहराला पाणी पुरविणारा घाणेवाडीचा जलाशय पाहिल्यावर भूगोलाचा एक संपूर्ण पाठ होतो. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे लागूनच जिजाबाईंचे जन्मस्थान सिंदखेड राजा आहे. अडीचशे किलोमीटरऐवजी साठ किलोमीटरची सहल काढली तर सर्वांत मोठी बाब असलेले गाडीभाडे चौथाईवर येते व सायंकाळचे जेवण घरी होते. दूरची सहल तीस मुलांनी करण्यापेक्षा जवळची सहल चाळिसांनी करणे शिक्षणाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे.

७. अंदाजपत्रक हाच गणिताचा पाठ

इयत्ता ६ वी व ७ वीच्या मुलांकडूनच हे अंदाजपत्रक करवून घ्यावे. यासाठी तीन तासिका पुरतात.

पहिल्या तासिकेस ‘आपण घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत कशाकशाला पैसे लागतील?’ असा एकच प्रश्न विचारून मुले सांगतील त्या सर्व बाबी फळ्यावर लिहाव्यात. शिक्षकाने स्वतः कोणतीही बाब सुचवू नये. राहिलेली बाब मुलेच एकमेकांस सुचवितात. त्यानंतर मुलांचे चार गट पाडून प्रवास, खाणे, प्रवेशशुल्क व तयारी हे विभाग वाटून द्यावेत आणि आठवड्याभरात दर विचारून आणावयास सांगावे.

दुसऱ्या तासिकेस गटांनी दर सांगावेत व प्रत्येक दर कोणाकडून व कोणत्या तारखेस मिळाला हे लिहावे. येथे गुणाकार, बेरीज व अंतरमापन यांचा सराव होतो. तिसऱ्या तासिकेस स्थिर व बदलता खर्च वेगळा करावा, शेकडेवारीने राखीव रक्कम काढावी व सरासरीने वर्गणी ठरवावी.

याच पाठाची सांगड इतिहासाशीही घालता येईल. इ.स. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने आपली राजधानी दिल्लीहून दौलताबादेस आणली व पुढे ती पुन्हा दिल्लीस नेली. एवढ्या लांबच्या वाटेवर माणसे हलविताना अन्न, पाणी, जनावरांचा चारा आणि मुक्काम यांचा अंदाज कसा बांधावा लागला असेल, असा प्रश्न किल्ल्याच्या पायथ्याशी विचारला असता, चाळीस माणसांचा हिशेब स्वतः केलेली मुले त्याचे उत्तर विचारपूर्वक देतात.

अभ्यासासाठी प्रश्न :

(१) आगारापासून गाव १२ किलोमीटर व गावापासून सहलीचे ठिकाण ८५ किलोमीटर आहे. गाडी आगारातून निघून आगारात परत जाते. दर किलोमीटरला ४० रुपये दराने भाडे किती? (उत्तर : १९४ किलोमीटर; ७,७६० रुपये.)

(२) एका सहलीचा स्थिर खर्च ९,००० रुपये व दर मुलामागे बदलता खर्च ७० रुपये आहे. ३६ मुले येणार आहेत. शेकडा १० राखीव धरून वर्गणी काढा. (उत्तर : ३५२ रुपये.)

(३) वरील ३६ पैकी ४ मुलांना विनामूल्य न्यावयाचे ठरल्यास उरलेल्यांस वर्गणी किती पडेल? त्या चौघांना वगळल्यास किती पडेल? (उत्तर : ३९६ रुपये, सुमारे ३८६ रुपये ३७ पैसे.) या दोन उत्तरांतील फरकावर वर्गात चर्चा घडवून आणावी.

८. परतल्यानंतर

सहल परत आली म्हणजे अंदाजपत्रकाचे काम संपले असे नाही. एका आठवड्याच्या आत जमाखर्च पुरा करून त्याची प्रत शाळेच्या दर्शनी भागी लावावी. त्यात तीन रकाने असावेत : अंदाज, प्रत्यक्ष आणि फरक. समजा, ४० मुलांकडून ४३० रुपयांप्रमाणे १७,२०० रुपये जमले व प्रत्यक्ष खर्च १६,१४० रुपये झाला. तर शिल्लक १,०६० रुपये, म्हणजे दर मुलास २६ रुपये ५० पैसे परत करावयाचे. ज्यांनी वर्गणी दिली त्यांच्या हाती ही रक्कम पडली म्हणजे पुढील वर्षी पैसे मागताना शिक्षकास वेगळे समर्थन करावे लागत नाही. गावाचा विश्वास हीच शाळेची खरी राखीव रक्कम होय.

फरकाच्या रकान्याखाली कारण लिहून ठेवावे. ‘पथकर अंदाजापेक्षा अधिक’, ‘पाणी कमी पडले’, अशी चार वाक्ये पुरेत. तीन-चार वर्षांची अशी पाने एकत्र झाली म्हणजे शाळेपाशी स्वतःच्या अनुभवाचे दरपत्रक तयार होते आणि बदलून येणाऱ्या नव्या शिक्षकास ते आयते मिळते.

हीच रीत शिक्षकांनी आपल्या घरच्या सुटीतील प्रवासासही लावून पाहावी. पंढरपूरची वारी असो, कोकणातील नातलगांकडे जाणे असो की तिरुपतीची यात्रा असो. गाडीभाडे व मुक्काम यांपलीकडे प्रसाद, ओटी, भेटवस्तू, वाटेतील चहापाणी आणि परत आल्यावर पगार होईपर्यंतचा किराणा हेही खर्चच आहेत. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजावे, स्थिर व बदलता भाग वेगळा करावा, दशांश राखीव ठेवावा आणि परतल्यावर अंदाज व प्रत्यक्ष ताडून पाहावे, ही चार पथ्ये पाळणाऱ्या घरास सुटी संपल्यानंतर उसनवारी करावी लागत नाही.

शाळेच्या बाबतीत मात्र आणखी एक पाचवे पथ्य आहे. अंदाजपत्रकाच्या शेवटी वर्गणीचा आकडा लिहून झाला की, शिक्षकाने हजेरीपट उघडावा आणि प्रत्येक नावापुढे थांबून ‘हे मूल येईल काय?’ असे स्वतःस विचारावे. ज्या नावापुढे शंका येईल, तेथे त्याच दिवशी सायंकाळी त्या घरी जावे.